तळ्याचा काठ: उभी दगडी भिंत की उतरती हिरवी कड?

नदीला लागून असलेल्या उथळ तळ्याला भिंत बांधावी की झाडोऱ्याचा उतरता काठ ठेवावा, असं एका मैत्रिणीने विचारलं. तिच्या समितीत दोन तट पडलेत.

जागेत भिंतच सरस. मीटरभर खोलीला १:५ उतार द्यायचा तर पाच मीटर रुंदी जाते.

पुराचं गणित मात्र उलटं आहे. उतारावर पातळी चढते तसं पाणी आडवंही पसरतं, म्हणजे जास्त मावतं. भिंतीत निचऱ्याची भोकं नसतील, तर पूर ओसरताना मागे अडकलेलं पाणी तिलाच पुढे ढकलतं. हिरव्या काठाचंही दुखणं आहेच: पाणकणीस माजतं, गाळ धरतं. विणीचा हंगाम टाळून ते तुकड्यातुकड्याने कापावं लागतं. एकदम सगळं कापलं की पाणकोंबडी लपणार कुठे?

नुकतं शेपूट अंगात जिरलेलं बेडूक उताराच्या ओल्या चिखलावरून सहज वर येतं, उभ्या भिंतीशी अडतं. खंड्याला मात्र घरट्यासाठी उभाच कडा लागतो, पण मातीचा!

माणसांना भिंतीवर बसायला आवडतं, चाकाची खुर्चीही काठापर्यंत जाते. पाण्यात पडलेल्या मुलाला वर चढायला मात्र उतारच बरा.

रस्ता किंवा इमारत अगदी पाण्याला खेटून असेल तर भिंत घ्या, मध्ये पायऱ्या ठेवून. थोडी मोकळी जमीन आणि दरवर्षी कापणी करणारे हात असतील तर हिरवा काठ, आणि लोकांसाठी एकाच बाजूला लाकडी फलाट. मैत्रिणीला मी हेच सुचवलं.