नवी शाळा, वाढीव वर्ग की राखीव जागा? वाढत्या उपनगरातील शाळाप्रवेशाचे नियोजन

महानगरपालिकेच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावांत घरे आधी उभी राहतात आणि शाळेचा विचार मागाहून होतो. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली, तेव्हा तेथील प्राथमिक शिक्षणाची जबाबदारीही पालिकेकडे आली. गावाच्या पटापुरत्या बांधलेल्या शाळांच्या भोवती तोवर मोठमोठी गृहसंकुले उभी राहिली होती. अशा भागातील नगरसेवकापुढे किंवा शाळा व्यवस्थापन समितीपुढे तीन वाटा असतात : विकास आराखड्यातील आरक्षित भूखंडावर नवी शाळा, आहे त्या शाळेत वाढीव खोल्या व तुकड्या, किंवा शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांवर भिस्त.

यांपैकी काहीही निवडण्याआधी एक उत्तर बाजूला सारले पाहिजे, ते म्हणजे ‘शहरात एकूण जागा पुरेशा आहेत’ हे. राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असली पाहिजे. जुन्या पेठेतील रिकामे बाक वेशीवरच्या सहा वर्षांच्या मुलीच्या उपयोगाचे नाहीत, आणि माध्यम वेगळे असेल तर शेजारच्या इमारतीतील बाकही नाहीत. मुंबई महापालिका आठ भाषांमधून शाळा चालवते. तेथे जागांची बेरीज माध्यम न पाहता केली, तर ती फसवीच ठरेल.

नवी शाळा हा सर्वांत भक्कम आणि सर्वांत संथ पर्याय आहे. खर्चाची चर्चा बरीच होते, पण खरा अडसर जमिनीचा असतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना बजावू शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावलेही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. असा भूखंड एकदा गेला की भरवस्तीत तेवढी मोकळी जमीन पुन्हा मिळत नाही. रोख मोबदला परवडत नसेल तर हस्तांतरणीय विकास हक्क (इतरत्र जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क) देऊनही जमीन घेता येते. त्यामुळे ‘निधी नाही’ एवढ्यावर फाइल बंद होऊ देऊ नये.

वाढीव खोल्यांचा मार्ग याच्या नेमका उलट आहे. तो लवकर होतो, जमीन लागत नाही, आणि येत्या जूनमध्ये दाराशी येणारी मुले सामावून घेण्याचा दुसरा उपाय बहुधा नसतोच. मात्र खोली बांधली म्हणजे जागा तयार झाली, असे होत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक वर्गांत ३० मुलांमागे एक शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकाला एक वर्गखोली हवी. शिक्षकांची पदे मात्र संचमान्यतेत, म्हणजे शासनाच्या वार्षिक पदमंजुरीत, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात. दिवाळीनंतर राहायला आलेल्या कुटुंबांची मुले त्या हिशेबात धरलीच जात नाहीत. खोल्याही अपुऱ्या पडल्या की शाळा दोन सत्रांत भरते. अशा शाळेत दुपारी बाराच्या सुमारास उभे राहिले, तर सकाळचा वर्ग दप्तरे आवरत असतो आणि दुपारची मुले व्हरांड्यात भिंतीला टेकून रांगेत थांबलेली असतात. फळ्यावर सकाळची वजाबाकी तशीच असते आणि भिंतीवर लावलेली चित्रे कोणत्या वर्गाची, यावरून कुरबुर चालू असते. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय वर्षानुवर्षे चालते, आणि खोल्या वाढवताना मैदान आक्रसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

राहिला २५ टक्के राखीव जागांचा पर्याय. वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी हा मोलाचा हक्क आहे; फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने १ किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना यातून सूट दिली होती, ती अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली, हे योग्यच झाले. तरीही नियोजनाच्या तक्त्यात या जागा धरू नयेत. हा प्रवेश सुरुवातीच्या वर्गातच आणि सोडतीने मिळतो. चौथीतले मूल घेऊन आलेल्या बांधकाम मजुराला त्याचा उपयोग नाही. शिवाय आठवीनंतर फीचा प्रश्न पालकांपुढे उभा राहतोच.

माझे मत असे की, पहिले दोन पर्याय एकमेकांना पर्याय म्हणून न पाहता एकाच ठरावात आणावेत : खोल्या येत्या वर्षासाठी, भूखंड पुढच्या पिढीसाठी. त्यासाठी लागणारे आकडे पालिकेकडेच असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवणे हे तिचे कर्तव्यच आहे. बांधकाम विभागाने दिलेली भोगवटा प्रमाणपत्रे (इमारत राहण्यायोग्य झाल्याचे दाखले), अंगणवाडी सेविकांची बालकनोंद आणि जन्मनोंदणी एकत्र मांडावी. जन्माची नोंद मात्र जन्मस्थळी, म्हणजे बहुतेक वेळा रुग्णालय जेथे असेल तेथे होते. म्हणून रुग्णालय नसलेल्या प्रभागात मुलेच जन्मत नाहीत असे कागद सांगेल, आणि ती यादी आईच्या पत्त्यानुसार नव्याने लावून घ्यावी लागेल.