नोटा ओळखायची पट्टी: घरी शिकवायला चांगली, दुकानात नेऊ नका

अंध मुलांना नोटा ओळखता याव्यात म्हणून प्लॅस्टिकची एक पट्टी विकत मिळते. नातवासाठी मागवली होती, १५० रुपयांना. तो दहा वर्षांचा आहे, जन्मापासून दिसत नाही. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. मुख्य अडचण नोटांच्या मापातच आहे, त्यामुळे पट्टी कुणाचीही घेतलीत तरी ती येणारच.

मी एसटीत कंडक्टर होतो, गडहिंग्लज डेपोला. चालत्या गाडीत, दांड्याला टेकून, खाली न बघता सुट्टे देण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे नोटेच्या बाबतीत माझी बोटं जरा चिकित्सक आहेत, हे धरून पुढचं वाचा.

पट्टीच्या एका टोकाला उभा काठ आहे. नोट त्याला भिडवायची, आडवी सपाट करायची आणि दुसरं टोक ज्या उठावाच्या रेघेवर येईल ती तिची किंमत. रेघेशेजारी ब्रेलमध्ये आकडा. कल्पना चांगली आहे, कारण नव्या नोटांची लांबी किमतीनुसार वाढत जाते. १० ची १२३ मिलिमीटर, २० ची १२९, ५० ची १३५, १०० ची १४२, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०.

शेवटचे तीन आकडे परत बघा. शंभर, दोनशे, पाचशे यांच्यात चार-चार मिलिमीटरचाच फरक. बँकेतून आणलेल्या कोऱ्या नोटेवर नातवाला तो बरोबर कळतो. पण कोरी नोट पोराच्या हातात येते कधी? बाजारातली नोट म्हणजे कोपरा मुडपलेली, मधोमध चिकटपट्टी, घामानं मऊ पडलेली. तिचे दोन-तीन मिलिमीटर चुण्यांतच जातात, मग दोनशेची नोट शंभराच्या रेघेवर जाऊन बसते. गांधीजींच्या जुन्या मालिकेत शंभराची नोट १५७, पाचशेची १६७ आणि हजाराची १७७ होती. सरळ एकेका सेंटिमीटरची चढ. तेव्हा अशी पट्टी असती तर डोळे मिटून शिफारस केली असती.

ब्रेलचंही तसंच. ब्रेलच्या दोन ओळींत साधारण १० मिलिमीटर अंतर लागतं. चार मिलिमीटरच्या फटीत आकडे बसणार कसे? बनवणाऱ्यानं ते एकाखाली एक सरकवत नेलेत. रेघेवरून आकड्याकडे जाताना नातवाचं बोट शेजारच्या रेघेवर घसरायचं आणि तो वैतागायचा. शेवटी मी कानस घेतली आणि पट्टीच्या कडेलाच खाचा पाडल्या. शंभराला एक, दोनशेला दोन, पाचशेला तीन. आता तो ब्रेलकडे जातच नाही. हे काम कारखान्यातच व्हायला हवं होतं.

सगळ्यात घोटाळा मात्र जुन्या नोटांचा. शंभर आणि त्याखालच्या जुन्या नोटा अजून चालतात, आमच्या बाजूला तर भरपूर. जुनी वीसची नोट १४७ मिलिमीटर लांब, म्हणजे पट्टीवर ती चक्क दोनशे दाखवते. जुनी दहाची १३७, ती पन्नास दाखवते. नातवानं एकदा वीसची लावली आणि ओरडला, "आज्जा, दोनशे!" आणि लगेच म्हणाला, "पण ही बुटकी लागतीय." पोराच्या बोटानं पट्टीला मागं टाकलं ते इथं. नवी असो वा जुनी, दहा आणि वीसची नोट ६३ मिलिमीटर उंच असते. नव्या पन्नासपासून पुढं ६६. पट्टीवर उंचीची एक आडवी रेघ दिली असती तर हा प्रश्न तिथंच मिटला असता. ती नाही. आम्ही तोड काढली ती अशी: पाकिटाच्या एका कप्प्यात पन्नासची नवी कोरी नोट मापाला ठेवायची, ती खर्चायची नाही. कुठलीही नोट आधी तिच्याशी उभी जुळवायची. कमी भरली तर दहा नाहीतर वीस. जास्त भरली तर जुनी पन्नास किंवा जुनी शंभर, त्या ७३ आहेत.

नोटेवरच्या खुणा वेगळ्या शिकवाव्या लागतात, पट्टी त्याबद्दल गप्प आहे. शंभरावर उठावाचा त्रिकोण आणि कडेला चार तिरक्या रेघा, दोनशेवर इंग्रजी एचसारखी खूण आणि चार रेघांमध्ये दोन गोल, पाचशेवर वर्तुळ आणि पाच रेघा. नव्या नोटेवर बोटाला छान लागतात, वापरून वापरून झिजतात. नव्या पन्नास, वीस आणि दहाला असा उठाव नाहीच, आणि पोराच्या हातात तर त्याच जास्त. नाणी त्या मानानं सोपी: २०१९ साली जाहीर झालेलं वीसचं नाणं बारा कडांचं, दहाचं गोल. ते त्याला एका दुपारी जमलं.

मग पट्टीचा उपयोग काय? घरी, पाटावर बसून, घाई नसताना. आठवडाभराचे पैसे लावून घड्या घालायच्या: दहा सरळ, वीस मधोमध दुमडलेली, पन्नास लांबट घडीची, शंभर दोन घड्यांची. एवढी तयारी झाली की पट्टी कपाटात ठेवायची. दुकानात मागं तीन गिऱ्हाइकं उभी असताना काठाला नोट भिडवत बसणं म्हणजे भर गर्दीत वे-बिल, म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरण्यासारखं आहे.

दुकानात लागतं ते वेगळंच. नातू म्हणतो, "काका, मोड सांगून द्या." म्हणजे दुकानदारानं एकेक नोट नाव घेऊन हातावर ठेवायची आणि यानं ती तिथंच आपल्या घडीत घालायची. पहिले काही दिवस दुकानदार पैसे माझ्याच हातात द्यायला बघायचा, "मास्तर, घ्या की, पोराला कशाला तरास." मी हात पाठीमागं बांधून उभा राहायचो. गिऱ्हाईक तो आहे, मी नुसता सोबत आलोय. आता दुकानदार आपसूक म्हणतो, "ही वीस, ही दहा, हे पाचचं नाणं." आणि पोरगा पिशवी खांद्याला अडकवून पांढरी काठी पुढं करतो.

कुणी विचारेल, आता सगळं फोनवर, नोटा हव्यात कशाला? दहा वर्षांच्या पोराच्या हातात फोन नाही, खातं नाही, आणि जत्रेत पाळणेवाला नोटच मागतो. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप १ जानेवारी २०२० पासून आहे. कॅमेऱ्यापुढं नोट धरली की किंमत बोलून सांगतं, इंटरनेट लागत नाही, अर्धी दुमडलेली नोटही चालते. नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही, आणि तसं बँकेनंच स्पष्ट केलंय. त्याच्या हातात फोन आला की तेही शिकवीन. पण बोटांची ओळख आधी.

पाचपैकी तीन तारे. घ्यायची असेल तर दोन गोष्टी बघून घ्या. पट्टीवर २००० ची रेघ असेल तर माल जुना आहे; ती नोट मे २०२३ मध्येच मागं घ्यायला काढली. आणि विकणारा समोर असेल तर खिशातली जुनी वीसची नोट त्यालाच लावायला सांगा.