व्हिसा रद्द झाला: ट्रिब्युनल की फेडरल कोर्ट?

ऑस्ट्रेलियात चारित्र्याच्या कारणावरून व्हिसा रद्द झाल्याचं पत्र आलं की घरचे पहिल्यांदा विचारतात, ‘कोर्टात जायचं का?’ त्याआधी पत्रावर निर्णय कोणाच्या नावाने आहे ते बघा. इमिग्रेशन खात्याच्या अधिकाऱ्याने, म्हणजे मंत्र्यांच्या डेलिगेटने, निर्णय घेतला असेल तर बहुतेक वेळा ट्रिब्युनलची, म्हणजे सरकारी निर्णय नव्याने तपासणाऱ्या लवादाची, वाट मिळते. मंत्र्यांनी जातीने घेतला असेल तर ती वाट बंद, उरतं फक्त फेडरल कोर्ट. म्हणजे अनेकांच्या बाबतीत निवड आधीच झालेली असते. ज्यांना आधी ट्रिब्युनल आणि तिथे हरल्यावर फेडरल कोर्ट अशा दोन्ही वाटा आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, हाही व्हिसाच. वीस वर्षं राहिलात, घर घेतलंत, मुलं तिथेच जन्मली, तरी नागरिकत्व घेतलं नसेल तर १९५८ च्या मायग्रेशन ॲक्टचं कलम ५०१ तुम्हाला लागू होतं. एकूण १२ महिने किंवा जास्त कैदेची शिक्षा झाली की चारित्र्याच्या कसोटीत माणूस नापास. दोन शिक्षा एकत्र भोगायच्या असल्या तरी मोजताना त्यांची बेरीज होते. एकच शिक्षा १२ महिन्यांची किंवा अधिक असेल आणि माणूस प्रत्यक्ष तुरुंगात असेल, तर डिसेंबर २०१४ पासून व्हिसा रद्द करणं बंधनकारकच आहे. अशा वेळी आधी खात्याकडेच, २८ दिवसांत, ‘हा निर्णय मागे घ्या’ असा अर्ज करायचा. तो अर्ज डेलिगेटने फेटाळला तर पुढे ट्रिब्युनल.

ट्रिब्युनल म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल. १४ ऑक्टोबर २०२४ ला जुन्या अपील ट्रिब्युनलची जागा याने घेतली. इथे सगळं प्रकरण नव्याने ऐकलं जातं. तुरुंगातून केलेले कोर्स, व्यसनमुक्तीचे कागद, मानसशास्त्रज्ञाचा अहवाल, बायकोची साक्ष, मुलांच्या शाळेचं पत्र, असा नवा पुरावाही चालतो. जून २०२४ पासून लागू असलेली ‘डायरेक्शन ११०’ ही मंत्र्यांची लेखी सूचना ट्रिब्युनलवर बंधनकारक आहे. तिच्यात समाजाची सुरक्षितता, कौटुंबिक हिंसाचार, ऑस्ट्रेलियाशी असलेलं नातं, अल्पवयीन मुलांचं हित आणि समाजाची अपेक्षा यांचा विचार करायला सांगितलं आहे. सुरक्षिततेला झुकतं माप आहे, हे मनाशी धरूनच तयारी करा. ट्रिब्युनलला पटलं तर ते स्वतः निर्णय बदलतं आणि व्हिसा परत मिळतो.

पण मुदत निर्दय आहे. देशात असलेल्या माणसाला निर्णय कळल्यापासून ९ दिवसांत अर्ज करावा लागतो. हे सलग दिवस आहेत, कामाचे नव्हेत, आणि ट्रिब्युनलला ही मुदत वाढवता येत नाही. बातमी इचलकरंजीला किंवा नाशिकला घरी कळवून, वकील शोधून, पैशांची जुळवाजुळव करेपर्यंत ते संपलेले असतात. साक्षीत जे सांगायचं ते सुनावणीच्या किमान दोन कामकाजाच्या दिवसांआधी लेखी दिलेलं असावं लागतं, नाहीतर ते विचारात घेतलं जात नाही. आणि ८४ दिवसांत निकाल आला नाही तर मूळ निर्णय कायम झाला असं कायदाच धरून चालतो.

फेडरल कोर्टाचं काम वेगळं. मुंबई उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट करतात, साधारण त्या जातीचं. माणूस सुधारला का, मुलांचं काय होईल, हे न्यायाधीश ठरवत नाहीत. निर्णय घेणाऱ्याने कायद्याची चौकट मोडली का, एवढंच पाहतात.

याचं आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे बंगळुरूचे डॉ. मोहम्मद हनीफ. ते गोल्ड कोस्टच्या रुग्णालयात काम करत होते. ब्रिटनमधल्या हल्ल्यांच्या तपासात नातलगांशी असलेल्या संबंधावरून जुलै २००७ मध्ये मंत्री केव्हिन अँड्र्यूज यांनी कलम ५०१ खाली त्यांचा व्हिसा रद्द केला. फेडरल कोर्टाने ऑगस्टमध्ये तो निर्णय रद्दबातल केला, डिसेंबरमध्ये फुल कोर्टानेही, म्हणजे त्याच कोर्टाच्या मोठ्या खंडपीठानेही, तेच कायम ठेवलं. कारण असं की मंत्र्यांनी ‘संबंध’ या कसोटीचा अर्थच चुकीचा लावला होता. निव्वळ निर्दोष नातं त्यात बसत नाही. याउलट जानेवारी २०२२ मधलं टेनिसपटू नोव्हाक जोकोविचचं व्हिसा रद्द होण्याचं प्रकरण पाहा. तिथे कलम वेगळं होतं, पण कोर्टाच्या मर्यादा त्याच. मंत्र्यांनी जातीने घेतलेल्या निर्णयात तीन न्यायाधीशांना कायद्याची चूक दिसली नाही आणि अर्ज फेटाळला गेला. निर्णय शहाणपणाचा होता की नाही, यात कोर्ट शिरलंच नाही.

कोर्टाची मुदत ३५ दिवस, निर्णयाच्या तारखेपासून. सबळ कारण असेल तर ती वाढू शकते. हरलात तर समोरच्याचा खर्चही सहसा तुमच्यावर पडतो. ट्रिब्युनलमध्ये ज्याचा त्याचा खर्च ज्याने त्याने करायचा. आणि जिंकलात तरी काय मिळालं ते नीट समजून घ्या. रद्द करण्याचाच निर्णय कोर्टाने उडवला तर व्हिसा पुन्हा उभा राहतो. पण तुमचा अर्ज फेटाळणारा निर्णय उडवला असेल, तर प्रकरण पुन्हा ऐकायला मागे जातं. तोवर माणूस सहसा इमिग्रेशन डिटेन्शनमध्येच, म्हणजे स्थानबद्धतेतच, असतो, आणि दुसऱ्यांदाही तोच निकाल येऊ शकतो.

म्हणून माझं ठाम मत: ट्रिब्युनल खुलं असेल तर सगळी ताकद तिथे लावा. डेलिगेटचा असा निर्णय ट्रिब्युनल टाळून थेट फेडरल कोर्टात नेताही येत नाही. ट्रिब्युनलमध्ये हात राखून ठेवण्यात आणखी एक तोटा आहे. हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, २०२२ मध्ये सांगितलं की निर्णय घेणाऱ्याने तुमचं म्हणणं वाचून, समजून घेऊन तोललं पाहिजे. २०२४ च्या एका निकालात असंही म्हटलं की चूक झाली नसती तर निकाल वेगळा लागण्याची वास्तव शक्यता होती, एवढं दाखवणं सहसा पुरेसं असतं. पण जो मुद्दा तुम्ही मांडलाच नाही, त्याकडे दुर्लक्ष झालं असं पुढे कोर्टात म्हणणं फार अवघड जातं. मुलाच्या आजाराचा कागद घरच्या कपाटात राहिला, तर फेडरल कोर्टात त्याचा सहसा उपयोग नाही.

ट्रिब्युनल जिंकल्यावरही एक धोका उरतो. राष्ट्रहिताचं कारण देऊन, तुमचं म्हणणं न ऐकताही, मंत्री तो अनुकूल निर्णय जातीने फिरवू शकतात. तसं पत्र आलं तर त्याच दिवशी वकिलाला फोन करा. त्या टप्प्यावर ट्रिब्युनल नाही, फक्त कोर्ट आहे, आणि ३५ दिवस पत्रावर लिहिलेल्या तारखेपासून मोजले जातात, पत्र हातात पडल्यापासून नव्हे.