पार्क स्टेडियम : रणजी बघायची तर दुसऱ्या दिवशी दुपारी जा

नाव इंदिरा गांधी स्टेडियम, पण सोलापुरात रिक्षात बसून ‘पार्क स्टेडियम’ म्हणायचं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा चौक लक्षात ठेवला की पुरे. बाहेरगावच्या मैदानासारखं शहर सोडून तासभर जावं लागत नाही, हा याचा पहिला गुण. अपवाद संक्रांतीचा आठवडा. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा आणि सामना एकत्र आले, तर गाडी घरीच ठेवा.

रणजीत इथला संघ महाराष्ट्र, मुंबई नव्हे. हे सांगावं लागतं, कारण अजूनही घोळ होतो. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक या संघाने जिंकला, दि. ब. देवधर कर्णधार असताना. त्यानंतर आजवर नाही. २०१३-१४ च्या अंतिम सामन्यात कर्नाटकाने अडवलं. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते, ब्रॅडमनच्या ४५२ या तेव्हाच्या विश्वविक्रमापासून नऊ धावा दूर. काठियावाडने सामनाच सोडून दिला आणि विक्रम हुकला. त्याच डावात के. व्ही. भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटसाठी ४५५ ची भागीदारी झाली होती. सोलापूरचा खास मुद्दा मात्र वेगळाच आहे : कसोटीत भारताचं पहिलं द्विशतक (२२३, न्यूझीलंडविरुद्ध, हैदराबाद, १९५५) ठोकणारे पॉली उमरीगर जन्मले सोलापुरात, खेळले मुंबईकडून. त्यांच्या नावाचा एक स्टँड इथे शोभून दिसेल. अलीकडे जिल्ह्याच्या किरण नवगिरेने २०२२ मध्ये नागालँडकडून महिलांच्या टी-ट्वेंटीत नाबाद १६२ केल्या, आणि अष्टपैलू अर्शीन कुलकर्णी सोलापूरचाच.

आता खेळाकडे. फेब्रुवारी २०२४ चा सौराष्ट्राविरुद्धचा सामना हा या मैदानाचा नमुना समजा. सौराष्ट्र २०२ आणि १६४, महाराष्ट्र दोन्ही डावांत १५९. ४८ धावांनी हार. चार डावांत एकदाच दोनशे पार, तेही जेमतेम. काळ्या मातीची खेळपट्टी उन्हात वाळत गेली की भेगा पडतात, चेंडू थांबून येतो, खाली राहतो, आणि फिरकीपुढे पुढे सरसावून खेळावं की मागे राहावं हे फलंदाजाला ठरवता येत नाही. म्हणून फटकेबाजी बघायला येणाऱ्याने इथे येऊ नये. फिरकीची चव असेल तर याच्यासारखी मजा नाही.

सामना चार दिवसांचा. एकच दिवस हाताशी असेल तर पहिला टाळा; दुसऱ्याची दुपार किंवा तिसरा दिवस धरा. चौथ्यावर मात्र भरवसा ठेवू नका, त्याच्या आत निकाल लागू शकतो. खेळ साधारण साडेनऊला सुरू होतो, साडेअकराला जेवण, दोन-सव्वादोनला चहा, साडेचारच्या सुमारास दिवस संपतो. दिवसाची ९० षटकं, आणि डावाच्या ८० षटकांनंतर नवा चेंडू घेता येतो. त्या सुमारास चहा प्यायला उठू नये.

बसायला दक्षिणेकडची बाजू निवडा. खेळपट्ट्या शक्यतो दक्षिणोत्तर असतात, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. तिथे ऊन पाठीवर येतं आणि गोलंदाजाच्या हाताच्या रेषेतून चेंडू किती वळला ते दिसतं. खेळपट्टीच्या बाजूला बसलं की वळण कळतच नाही, नुसती उंची कळते. पश्चिमेकडच्यांना सकाळभर डोळ्यांत ऊन. दुर्बीण असेल तर आणा : फिरकी गोलंदाजाची चेंडूच्या शिवणीवरची बोटं बघणं हाच निम्मा सामना. टोपी आणि पाणी हवंच, सोलापूरचं ऊन जानेवारीतही दुपारी चटका देतं. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात घ्या, चार तास काही बिघडत नाही.

पुण्याहून येणाऱ्यांनी मुक्काम धरूनच निघावं. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी सोलापुरातून सुटते आणि संध्याकाळी पुण्यातून परतते. म्हणजे आदल्या रात्री यायचं, सामना बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्टेशन गाठायचं.