‘ताई, आपलाच कोर्स आहे’ म्हणत माझे 1,944 डॉलर घेतले

1,944 डॉलर. इंजिनिअरच्या परवान्याच्या परीक्षेसाठी घेतलेल्या कोर्सचे 1,695, आणि नंतर प्रश्नसंचाचे वेगळे 249. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगलीला जायचं होतं, त्या तिकिटाचे पैसे होते ते. आकडा आधीच लिहून टाकते, कारण नवऱ्याशिवाय अजून कोणाला तो सांगायचा धीर झालेला नाही.

मी न्यू जर्सीत सिव्हिल इंजिनिअर आहे, काम पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं. पीई, म्हणजे परवान्याची परीक्षा, झाल्याशिवाय ड्रॉइंगवर स्वतःचा शिक्का मारता येत नाही आणि तोवर बढतीही अडून राहते, हे या क्षेत्रातल्यांना सांगायला नको. एफई, म्हणजे तिच्या आधीची पहिली परीक्षा, देऊन नऊ वर्षं झाली. घरात पाच वर्षांचा मुलगा. रात्री साडेनऊनंतरचा काय तो वेळ माझा. कोणीतरी वेळापत्रक आखून द्यावं, रोज मागे लागावं, एवढ्यासाठी कोर्स हवा होता. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

मराठी इंजिनिअरांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर नंबर मिळाला. फोनवरचा माणूस पहिल्या मिनिटापासून ‘ताई’ म्हणत होता. "मीही मिरजेचाच. नापास झालात तर पैसे परत, माझा शब्द." मी कार्डाने भरते म्हटलं. "कशाला ताई, कार्डवाले कमिशन खातात. झेल करा, 200 डॉलर कमी करतो." झेल म्हणजे बँकेच्या खात्यातून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची सोय. 1,895 चे 1,695 झाले आणि मला वाटलं आपला फायदा झाला. झेलने पाठवलेले पैसे म्हणजे हातात दिलेली रोकड. कार्डाने भरले असते तर निदान व्यवहाराला हरकत घेता आली असती. अनोळखी विक्रेत्याला झेल करू नका, तो तुमच्या गावचा असला तरी.

आता 21 जानेवारीबद्दल. तारीख वहीत आहे. दुसरा वर्ग होता. शिकवणारे सर म्हणाले, पुस्तकांना रंगीत टॅब लावून ठेवा, सकाळच्या सत्रात उत्तर पटकन सापडतं. आणि मी ते मुकाट्याने लिहून घेतलं! सिव्हिलची पीई 2022 पासून संगणकावर आहे. केंद्रात स्वतःचं पुस्तक नेताच येत नाही, परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या संस्थेचं हँडबुक पडद्यावर दिलेलं असतं. सकाळी सगळ्या शाखांचे प्रश्न आणि दुपारी आपल्या शाखेचे, ही पद्धतही एप्रिल 2024 मध्ये गेली. आता 80 च्या 80 प्रश्न आपण निवडलेल्या शाखेच्या आराखड्यातून येतात. हे सगळं मी स्वतः वाचलेलं होतं. तरी मनाशी म्हटलं, सरांच्या तोंडात जुनी सवय राहिली असेल.

पुढे दहा मिनिटांत सर म्हणाले, "छान प्रश्न विचारलात." कोणीच काही विचारलं नव्हतं. चॅट रिकामा होता. युनिट हायड्रोग्राफ या अभ्यासातल्या विषयाबद्दल मी दोनदा लिहिलं, उत्तर नाही. मला वाटलं आपलंच काहीतरी बिघडलंय, म्हणून दुसऱ्या दिवशी 38 डॉलरचा हेडसेट आणला. जुनं रेकॉर्डिंग ‘लाइव्ह’ म्हणून लावत होते. त्या रात्री लॅपटॉप बंद करून फोन केला असता तर... हे मी रोज म्हणते. डेमोच्या वर्गात मोठ्याने प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत हलू नका.

मी जलसंपदा आणि पर्यावरण निवडलेलं. तीन आठवडे माझ्याकडून रस्त्यांच्या वळणांची आणि बीमवरच्या शिअर बलाची गणितं करून घेतली, जी माझ्या पेपरात नव्हतीच. पीडीएफच्या प्रत्येक पानाखाली पांढरी पट्टी होती. तिच्यावरचा मजकूर कॉपी केला तर दुसऱ्याच कोर्सचं नाव उमटलं. हे मी परीक्षेनंतर पाहिलं. पैसे देण्याआधी नमुन्याचं प्रकरण मागा आणि एनसीईईएसच्या आराखड्याशी ओळीनं ओळ ताडून बघा. आराखडा फुकट आहे, खातं उघडलं की हँडबुकही फुकट उतरवता येतं.

249 डॉलरचं सांगायला सगळ्यात जड जातंय. "परीक्षेत आलेलेच प्रश्न आहेत" असं तो फोनवरचा माणूस म्हणाला आणि मी गप्प बसून पैसे पाठवले. परीक्षेआधी प्रत्येकजण गोपनीयतेचा करार मान्य करतो. ते प्रश्न खरे असते तर माझा निकाल रद्द होऊ शकला असता. खोटे निघाले, जुन्याच पीडीएफमधले. असं कोणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा.

मे महिन्यात नापास झाले. पैसे मागितले तर उत्तर आलं, हजेरी शंभर टक्के हवी, तुमची 97 आहे. मुलाला ताप होता तो एक दिवस. त्यानंतर फोन लागलेला नाही.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, म्हणजे व्यवहार अधिकृत. मी अधिकृत केला कारण मला खोटं सांगितलं गेलं, हे तीन वेगवेगळ्या माणसांना समजावलं आणि तिघांनी तेच वाक्य वाचून दाखवलं. पोलीस म्हणाले, हा दिवाणी वाद. राज्याचं परवाना मंडळ म्हणालं, आमचा अधिकार परवाना असलेल्या इंजिनिअरांवर, कोर्सवाल्यांवर नाही. एनसीईईएसचा कोणत्याही कोर्सशी संबंध नाही. फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली, क्रमांक मिळाला, सोबत हेही कळलं की ते एकेकाचं प्रकरण सोडवत नाहीत. ग्राहक विभागाने कंपनीचा पत्ता मागितला. पत्ता म्हणजे भाड्याची टपालपेटी! मग राहिलं कोण? परवान्यासाठी माझ्या पदवीचा, अनुभवाचा, शिफारसपत्रांचा कागद न् कागद तपासणारी ही यंत्रणा. त्याच परवान्याच्या नावावर दुकान मांडणाऱ्याला एक प्रश्न विचारायला यातलं कोणीही बांधील नाही. अकरा फोन, सहा ईमेल, दोन अर्ज, आणि प्रत्येकाने मला पुढच्या दारात पाठवलं.

त्याच ग्रुपवर गेल्या आठवड्यात त्याची नवी जाहिरात आली, ‘फक्त 12 जागा’. मी खाली माझा अनुभव लिहिला. ॲडमिनने वीस मिनिटांत काढून टाकला, ‘वैयक्तिक वाद इथे नकोत’ म्हणून. जाहिरात अजून तिथेच आहे.