फाइंड, एफडी की लोकेट? फाइल शोधणाऱ्या तीन साधनांचे परीक्षण

टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) फाइल शोधण्याची साधने तोलताना बहुतेक जण आधी वेगाकडे पाहतात, आणि वेगाचा विषय निघाला की जुन्या 'फाइंड'विरुद्ध निकाल लगेच लागतो. एसएसडी असलेल्या साध्या लॅपटॉपवर, आपल्या होम डिरेक्टरीपुरता शोध घ्यायचा असेल, तर हा फरक क्वचितच कामाच्या आड येतो. माझ्या मते विचारायचा प्रश्न निराळा आहे: साधनाने काहीच दाखवले नाही, तर ती फाइल तेथे खरोखर नाही, की ती आपल्याला दाखवायची नाही असे साधनाने परस्पर ठरवले आहे? फाइंड, एफडी आणि लोकेट या तिघांकडे येथे याच कसोटीवर पाहिले आहे. तिन्ही मोफत आणि मुक्त स्रोत असल्यामुळे किमतीचा प्रश्न उद्भवत नाही.

फाइंड हे १९७०च्या दशकातील युनिक्सपासून चालत आलेले साधन असून युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स या मानकात त्याला स्थान आहे. लिनक्सवर बहुधा त्याची ग्नू आवृत्ती असते, मॅकओएसवर बीएसडीची, आणि छोट्या राउटरवरच्या बिझीबॉक्स या साधनसंचातही त्याचे आटोपशीर रूप सापडते. नाव, प्रकार, आकार, मालक, परवानगी, शेवटच्या बदलाची वेळ अशा कितीतरी अटी 'आणि', 'किंवा', 'नाही' यांनी जोडून त्याला सांगता येतात. माझ्या कसोटीवर त्याचा मोठा गुण हा की ते आपणहून काहीही लपवत नाही. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली ते दाखवते, आणि एखाद्या डिरेक्टरीत शिरता आले नाही तर परवानगी नाकारल्याचा संदेश पडद्यावर टाकते. हे संदेश अनेकांना कटकटीचे वाटतात आणि ते सर्रास डेव्ह-नलमध्ये (आत टाकलेले सगळे गायब करणाऱ्या जागेत) ढकलले जातात. पण आपण कुठे पाहू शकलो नाही हे कळणे हाही शोधाचा भागच आहे.

त्याची भाषा मात्र निसरडी आहे. 'मायनस एमटाइम अधिक ७' म्हणजे सात दिवसांपेक्षा जुन्या फाइली, असा कोणाचाही समज होईल. प्रत्यक्षात फाइंड चोवीस तासांचे पूर्ण टप्पे मोजते आणि उरलेला अपूर्णांक सोडून देते, म्हणून ती अट किमान आठ दिवस जुन्या फाइलींनाच लागू पडते. ग्नू आवृत्तीत आकार वरच्या पूर्णांकाला नेला जात असल्यामुळे 'एक एमपेक्षा (मेगाबाइटपेक्षा) कमी' ही अट फक्त रिकाम्या फाइली देते. अवतरणचिन्हे विसरण्याचा प्रकार याहून वाईट. 'मायनस नेम'नंतर तारांकन आणि डॉट पीडीएफ असे अवतरणाशिवाय लिहिले, तर फाइंडच्या आधी शेल (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) त्या तारांकनाचा अर्थ लावते आणि त्याजागी चालू डिरेक्टरीतली जुळणारी नावे घालते. चालू डिरेक्टरीत अनेक पीडीएफ असतील तर निदान चूक झाल्याचे सांगितले जाते, पण तेथे नेमकी एकच पीडीएफ असेल तर फाइंड निमूटपणे त्या एकाच नावाचा शोध घेत फिरते आणि खालच्या सगळ्या पीडीएफ वगळल्या गेल्याचे कळतही नाही. सापडलेले पुसणाऱ्या 'मायनस डिलीट'ची जागाही सांभाळावी लागते. अटी डावीकडून उजवीकडे तपासल्या जात असल्यामुळे डिलीट आधी आणि नाव नंतर लिहिले, तर नावाची अट पाहण्यापूर्वीच त्या झाडातले सगळे पुसले जाते. म्हणून डिलीटच्या जागी प्रिंट ठेवून, सोबत 'मायनस डेप्थ' देऊन, तीच ओळ आधी चालवून पाहावी.

एफडी हे रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले साधन डेव्हिड पीटर यांनी २०१७ मध्ये पुढे आणले. फाइंडची सगळी ताकद आपण देणार नाही, बहुतेकांना बहुतेक वेळा लागते तेवढेच सोपे करू, अशी त्याची उघड भूमिका आहे आणि ती त्याने चोख पाळली आहे. एफडी, मोकळी जागा आणि नावाचा तुकडा, एवढे लिहिले की काम होते. तुकडा पूर्णपणे लहान इंग्रजी अक्षरांत असेल तर लहान-मोठ्या अक्षरांचा भेद केला जात नाही. एखादे मोठे अक्षर आले की तो आपोआप केला जातो. डिरेक्टऱ्यांचा फेरफटका एकाच वेळी अनेक धाग्यांवर (थ्रेड्सवर) समांतर चालतो. 'दोन आठवड्यांच्या आत बदललेले' ही अट वाचताक्षणी कळेल अशा शब्दांत देता येते, आणि 'मायनस ई पीडीएफ' हा विस्ताराचा पर्याय तर फाइंडमध्येही असायला हवा होता असे वाटते. फाइंडची सवय असलेल्यांची बोटे मात्र सुरुवातीला अडखळतात, कारण येथे नमुना आधी आणि जागा नंतर लिहायची असते, शिवाय नमुना हा रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचे साचे लिहिण्याची सांकेतिक पद्धत, जिथे तारांकन आधीच्या अक्षराची पुनरावृत्ती सांगते) मानला जात असल्यामुळे तारांकनाने सुरुवात केली तर चूक दाखवली जाते.

पण हे साधन काही गोष्टी गृहीत धरते. टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली ते दाखवत नाही, आणि गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या भांडारात डॉट गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्षायच्या फाइलींच्या यादीत) नोंदवलेले काहीही दाखवत नाही. प्रोग्रामरला नोड मॉड्यूल्सचा (बाहेरून आणलेल्या कोडचा) ढिगारा नको असतो, म्हणून हे सोयीचे आहेच. तरीही डॉट ईएनव्ही या फाइलीचे उदाहरण घ्या. तिचे नाव टिंबाने सुरू होते आणि पासवर्ड बाहेर जाऊ नयेत म्हणून ती गिटइग्नोरमध्येही असते. ती दिसत नाही म्हणून 'मायनस मोठा एच' (टिंबाच्या फाइलीही दाखवण्याचा पर्याय) दिला, तरी पडदा कोराच राहतो, कारण तिच्यावर दोन आवरणे आहेत; दुसरे काढायला 'मोठा आय'ही द्यावा लागतो. एच देऊनही फाइल सापडली नाही म्हणजे ती पुसली गेली, असा निष्कर्ष येथे कोणीही काढेल. त्यातच परवानगीअभावी न उघडलेल्या डिरेक्टऱ्यांबद्दलही एफडी स्वतःहून बोलत नाही. त्यासाठी 'शो एरर्स' हा पर्याय मागावा लागतो. गहाळ फाइल शोधताना किंवा सर्व्हरवर गुप्त किल्ल्या कुठे पडल्या आहेत हे तपासताना मी एफडीवर विसंबणार नाही.

लोकेटबद्दल थोडक्यात. ते डिस्क धुंडाळतच नाही; साधारणतः दिवसातून एकदा तयार होणाऱ्या सूचीत पाहते आणि संपूर्ण मशीनवरचे उत्तर क्षणात देते. हल्ली डेबियन आणि फेडोरावर त्याची प्लोकेट ही नवी आवृत्ती मिळते. कालच्या हजेरीपटावरून आज वर्गात कोण आहे हे सांगण्याचा हा प्रकार: आज सकाळी उतरवलेली फाइल त्यात नसते, पुसलेली मात्र असू शकते. 'मायनस ई' दिल्यास आता अस्तित्वात असलेल्याच फाइली उरतात. टेम्प (तात्पुरत्या फाइलींची डिरेक्टरी) आणि बाहेरून जोडलेले ड्राइव्ह बहुधा सूचीतून वगळलेले असल्यामुळे पेनड्राइव्हवरच्या कागदपत्रांसाठी त्याचा उपयोग नाही. वर्षापूर्वीची जुनी कॉन्फिगरेशन फाइल मशीनवर नेमकी कुठे आहे, अशा प्रश्नाला मात्र याच्याइतके चांगले उत्तर दुसरे कोणी देत नाही.

मराठी नावांच्या फाइलींबाबत तिन्ही साधने सारखीच अडतात. 'शेतकऱ्यांचे अर्ज' या नावातील जोडाक्षर दोन प्रकारे टाइप होते: 'ऱ' आणि हलन्त वापरून, किंवा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात, पण साठवलेले संकेत वेगळे असल्यामुळे एका कीबोर्डवर लिहिलेले नाव दुसऱ्यावरून पूर्ण टाइप करून शोधले तर हाती काही लागत नाही. यावर उपाय म्हणजे ते अक्षर टाळणे: फाइंडमध्ये 'शेतक' आणि 'यांचे' यांच्यामध्ये व दोन्ही टोकांना तारांकन द्यावे, एफडीमध्ये मधे टिंब आणि तारांकन.

काही प्रश्नांना यांपैकी कोणतेच साधन लागत नाही. कमांड दिल्यावर कोणता प्रोग्राम चालतो हे 'टाइप' सांगते, आणि डेबियन-उबुंटूवर एखादी फाइल कोणत्या पॅकेजमधून आली हे 'डीपीकेजी मायनस मोठा एस' सांगते.

हाताने टाइप करायच्या रोजच्या शोधासाठी एफडी जरूर घ्यावे. प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी तर नक्कीच. स्क्रिप्टमध्ये, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) आणि पुसण्याच्या कामात मात्र मी फाइंडच वापरतो. एक कारण वर आले आहे. दुसरे अगदी व्यवहारी आहे. डेबियन आणि उबुंटूवर एफडी हे नाव आधीच दुसऱ्या पॅकेजने घेतल्यामुळे तेथे कमांडचे नाव 'एफडीफाइंड' असे आहे. आपल्या मशीनवर उपनाव देऊन ही अडचण सुटते, पण तीच स्क्रिप्ट दुसऱ्याच्या सर्व्हरवर नेली की पहिल्याच ओळीला कमांड सापडत नाही.