रत्नागिरीतील इच्छास्वातंत्र्यावरचा अभ्यासवर्ग : एक अभिप्राय

रत्नागिरीतील एका वाचनालयाने इच्छास्वातंत्र्यावर चालविलेला सायंकाळचा अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला, आणि या विषयाची ओढ असलेल्या प्रत्येकाला तो मनापासून सुचवावासा वाटतो. प्रत्येक घटना आधीच्या कारणांनी ठरलेली असेल, तर माणूस आपल्या कर्माला जबाबदार कसा, हा एकच प्रश्न शिकविणाऱ्या बाईंनी अखेरपर्यंत लावून धरला.

इच्छेला कारण असणे वेगळे आणि माणसावर बळजबरी होणे वेगळे, हे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचे १७४८ मधील म्हणणे आरंभीच स्पष्ट झाले. अमेरिकी तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांचे १९६९ मधील प्रतिपादन बाईंनी मिरकरवाडा बंदरातल्या तांडेलावर, म्हणजे नौकेच्या प्रमुखावर, बेतून सांगितले. वादळाचा इशारा असतानाही तांडेल स्वतःच्या हिशेबाने नौका बाहेर काढतो. त्याने नकार दिलाच, तर घेतलेल्या उचलीचा धाक घालून त्याला पाठवायचे, असे मालकाने मनाशी ठरविलेले असते, पण तशी वेळच येत नाही. सुटकेची वाट आधीच बंद असली, तरी खलाशांच्या जिवाचा जाब तांडेलालाच द्यावा लागेल, हे वर्गाला पटले. धाकापुढेही माणूस ‘नाही’ म्हणू शकतो, अशी शंका एकाने काढली, तेव्हा खुद्द फ्रँकफर्ट यांनी तिचा विचार करून थेट मनातच ढवळाढवळ करू शकणारा माणूस कल्पिला होता, हे बाईंनी नीट उलगडून दाखविले.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते टिळकांवरील विवेचन. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’तले ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे प्रकरण त्यांच्याच जन्मगावी ओळीओळीने वाचले गेले. टिळक आणि ह्यूम एकच सांगतात, असा सोपा मेळ बाईंनी घातला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. ह्यूमचे स्वातंत्र्य कार्यकारणाच्या साखळीच्या आतच मावते. टिळक मात्र ते प्रकृतीच्या बंधनापलीकडील आत्म्याच्या ठिकाणी मानतात, आणि हा फरक पुसला तर दोघांवरही अन्याय होतो.

अमेरिकी तत्त्वज्ञ पीटर व्हॅन इनवॅगन यांच्या आक्षेपाला मात्र फार थोडा वेळ मिळाला. भूतकाळ आणि निसर्गनियम आपल्या हातात नाहीत, मग त्यांतून अटळपणे निघणारी आपली कृती तरी आपल्या हातात कशी, हा युक्तिवाद समन्वयवादाच्या, म्हणजे सारे कारणांनी ठरलेले असूनही माणूस स्वतंत्र असू शकतो या मताच्या, मुळावरच येतो. त्यासाठी पुढच्या वर्गात एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवावी, अशी आयोजकांना विनंती आहे.